प्रकाशाचा सांधेवाला

रायपूर शहराच्या समता कॉलनीतून नागपूरला दूरध्वनी करणे ही आज कोणासही नवलाची गोष्ट वाटत नाही. ह्या वसाहतीच्या शेजारीच चौबे कॉलनी असून तेथे महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. अठराव्या शतकात छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला, तेव्हापासून कोणी चाकरीच्या तर कोणी व्यापाराच्या निमित्ताने ह्या प्रदेशात आलेली मराठी कुटुंबे येथे नांदत आहेत आणि नागपूर-पुण्याकडील नातलगांशी त्यांचे बोलणे रोजचेच आहे. बोलणाऱ्यास पलीकडच्या माणसाचा निःश्वासही ऐकू येतो. मध्ये सुमारे ३०० किलोमीटरांचे अंतर आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

हे अंतर आवाज कसा ओलांडतो? दोन शहरांमधील जवळजवळ संपूर्ण प्रवास तो प्रकाशाच्या रूपाने, जमिनीखाली पुरलेल्या काचेच्या धाग्यातून करतो. ह्या धाग्यास प्रकाशतंतू असे म्हणतात. चर खणणारे, धागे जोडणारे व रात्री-अपरात्री दुरुस्तीस धावणारे कामगार त्याला नुसते ‘फायबर’ म्हणतात. वरचे संरक्षक आवरण सोडल्यास ह्या धाग्याची जाडी एका मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी असते. ज्या गाभ्यातून प्रकाश प्रत्यक्ष वाहतो तो तर सुमारे ९ मायक्रॉनच रुंद असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग होय.

प्रकाश सरळ रेषेत जातो हे शिकलेला विद्यार्थी येथे विचारील, की वाकड्यातिकड्या धाग्यातून प्रकाश बाहेर का निसटत नाही? ह्याचे उत्तर फार जुने आहे. जिनीव्हा येथे कोलाडाँ ह्यांनी १८४१ मध्ये व लंडन येथे जॉन टिंडल ह्यांनी १८५४ मध्ये पाण्याच्या वाकलेल्या धारेतून प्रकाश धारेबरोबर वळत जातो हे लोकांना करून दाखविले होते. दाट माध्यमातून विरळ माध्यमाकडे प्रकाश फार तिरपा जाऊ लागला, की सीमेवरून तो पूर्णपणे परत फिरतो. प्रकाशतंतूचा गाभा व त्याभोवतीची काच ह्यांच्या घटनेत अल्पसा फरक ठेवलेला असतो तो एवढ्याचसाठी. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंह कपानी ह्यांनी लंडनमध्ये हॉपकिन्स ह्यांच्यासमवेत काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेले व त्याचे वर्णन १९५४ च्या जानेवारीत प्रसिद्ध केले.

तथापि चित्र हातभर नेणे वेगळे आणि संदेश गावोगाव नेणे वेगळे. त्या काळच्या काचेत प्रकाश थोड्याच अंतरात विझून जाई. चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम ह्यांनी १९६६ मध्ये असे प्रतिपादन केले, की हा दोष काचेचा नसून काचेतील अशुद्ध द्रव्यांचा आहे, आणि एक किलोमीटर गेल्यावर शंभरांतील एक हिस्सा प्रकाश जरी शिल्लक राहिला, तरी दूरध्वनीचे काम भागेल. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये ती मर्यादा ओलांडली. आज तेवढाच, म्हणजे शंभरांतील एक हिस्सा प्रकाश, १०० किलोमीटरांनंतर शिल्लक राहतो. काओ ह्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते ह्याच कार्यासाठी.

महाराष्ट्राचा ह्या इतिहासाशी असलेला संबंध ध्यानात ठेवण्याजोगा आहे. स्थानिक दूरध्वनी केंद्रांना जोडणारी भारतातील पहिली प्रकाशतंतू-वाहिनी १९७९ मध्ये पुणे येथे कार्यान्वित झाली. पुढे छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथे अतिशुद्ध काचेच्या कांड्या बनू लागल्या. वाळूज येथे अशा कांड्या सुमारे २००० अंश तापमानाच्या भट्टीत वितळवून त्यांपासून कित्येक किलोमीटर लांबीचे धागे ओढले जातात.

एवढ्याने मात्र दळणवळण सिद्ध होत नाही. आगगाडीच्या रुळांचे उदाहरण घ्यावे. रायपूरहून निघालेली प्रत्येक गाडी नागपूरलाच जात नाही. काही विलासपूरला, काही विशाखापट्टणमच्या वाटेला लागतात. गाडीला योग्य वाटेस लावण्यासाठी रुळांचे सांधे बदलावे लागतात, आणि पूर्वी हे काम करणारा सांधेवाला प्रत्येक स्थानकावर असे. संदेशांच्या जाळ्यातही असा सांधेवाला लागतो. पहिली दूरध्वनी केंद्रे चालविणाऱ्या स्त्री-पुरुषांनी दोऱ्यांची टोके फलकावरील भोकांत खुपसून हे काम केले. अमेरिकेतील आल्मन स्ट्रोजर ह्या अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या गृहस्थाने १८९१ मध्ये स्वयंचलित जोडणीचे स्वामित्वपत्र मिळविले. त्याचे ग्राहक केंद्रातील बाई प्रतिस्पर्ध्याकडे वळवीत असे त्याला वाटे, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, यंत्र मात्र खरेच चालले. भारतात असे केंद्र प्रथम सिमला येथे १९१३-१४ मध्ये ७०० जोडण्यांच्या क्षमतेने सुरू झाले, आणि १९६० मध्ये कानपूर व लखनौ ह्या शहरांमध्ये ग्राहकाने स्वतः क्रमांक फिरवून परगावी बोलण्याची सोय झाली.

येथवरची वाटचाल पाहता, प्रकाशाच्या युगात हाताचे काम संपले असेल असे कोणासही वाटावे. वस्तुस्थिती तशी नाही. कोणत्याही मोठ्या दूरसंचार केंद्रात गेल्यास शेकडो, कधी हजारो पिवळ्या दोऱ्या लोखंडी चौकटींवर ओळीने लोंबताना दिसतात. बाहेरून आलेला प्रत्येक काचेचा धागा येथे एका छिद्रापाशी संपतो व पिवळ्या दोरीने, म्हणजे कामगारांच्या भाषेत ‘पॅच कॉर्ड’ने, आतील यंत्राला जोडला जातो. जोडणी बदलायची झाल्यास तंत्रज्ञ कागदावरील नोंद पाहतो, दोरी शोधतो, उपटतो व दुसऱ्या छिद्रात बसवितो. १८८० नंतरच्या दूरध्वनी केंद्रातील दृश्य व हे दृश्य ह्यांत, वेगाचा प्रचंड फरक सोडला, तर फारसे अंतर नाही!

ह्या हातकामात दोन धोके असतात. पहिला चुकीचा. नोंद जुनी असेल तर भलतीच दोरी उपटली जाते, आणि एका दोरीतून आज एका वेळी ८० किंवा त्याहून अधिक निरनिराळ्या रंगांचा प्रकाश जात असल्यामुळे ती एक चूक लक्षावधी लोकांचे बोलणे तोडू शकते. (हे सर्व रंग मानवी डोळ्यास न दिसणारे, तांबड्याच्या पलीकडचे आहेत, म्हणून चालू धाग्याच्या तोंडात डोकावून पाहणे डोळ्यास अपायकारक ठरते.) दुसरा धोका धुळीचा. रायपूरच्या उत्तरेस उरला व सिलतरा येथे स्पंज-लोखंडाचे कारखाने आहेत आणि तेथील काळी धूळ शहरवासीयांच्या परिचयाची आहे. ९ मायक्रॉनांच्या गाभ्यासमोर तीन-चार मायक्रॉनांचा एक कण येऊन बसला, तर खिडकीसमोर म्हैस उभी राहावी तसा प्रकार होतो. म्हणून दोरी जितक्या वेळा उपटावी, तितक्या वेळा तिचे टोक पुसावे व सूक्ष्मदर्शकाने तपासावे लागते.

तर मग तांब्याच्या तारांचे सांधे शंभर वर्षांपूर्वीच यंत्राने बदलू लागले असता काचेच्या धाग्यांचे का बदलले नाहीत? कारण धातूला धातूचा स्पर्श झाला, की वीज वाहू लागते. तो स्पर्श वाकडा असला तरी चालतो. प्रकाशास ते चालत नाही. दोन गाभे एकमेकांसमोर मायक्रॉनाच्या आतबाहेर अचूक यावे लागतात, नाही तर प्रकाश वाया जातो. ह्या अडचणीस बगल देण्यासाठी अभियंत्यांनी बराच काळ एक द्राविडी प्राणायाम पत्करला: आलेल्या प्रकाशाचे विजेत रूपांतर करावयाचे, विजेच्या यंत्राने वाट बदलावयाची व पुन्हा विजेचा प्रकाश करून पुढे पाठवावयाचे. ही पद्धत निरुपयोगी नाही. संदेशाच्या प्रत्येक तुकड्यावरील पत्ता वाचावयाचा असेल तेथे तिच्यावाचून चालतच नाही. परंतु संपूर्ण धागाच एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर न्यावयाचा असताना प्रत्येक पत्र फोडून वाचणे म्हणजे टपालाची संपूर्ण गाडी वळविण्यासाठी तिच्यातील सर्व थैल्या उपसण्यासारखे आहे. त्यात वीज खर्च होते, उष्णता वाढते, आणि संदेशांचा वेग वाढविला, की यंत्रही नवे घ्यावे लागते.

प्रकाशास प्रकाशच राहू देऊन त्याची वाट बदलणारे यंत्र ह्या विचारातून निघाले. त्याचे सर्वांत सुंदर रूप आरशांचे आहे. सिलिकॉनच्या चकतीवर मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान असे गोल आरसे कोरतात. प्रत्येक आरसा सूक्ष्म पट्ट्यांवर तोललेला असतो. खालच्या विद्युद्दाबाने तो दोन दिशांना झुकविता येतो. धाग्यातून आलेला किरण भिंगातून सरळ होऊन पहिल्या ओळीतील आरशावर पडतो, तेथून समोरच्या आरशाकडे व त्यावरून इच्छित धाग्यात शिरतो. येथे एक हिशेब मनोरंजक आहे. १०० धागे १०० धाग्यांशी हवे तसे जोडावयाचे असून, उठणे व निजणे एवढेच जाणणारे आरसे वापरले, तर प्रत्येक छेदबिंदूवर एक याप्रमाणे १०,००० आरसे लागतील. हव्या त्या कोनात झुकणारे आरसे असतील, तर दोन्ही बाजूंचे मिळून २०० पुरतात. अर्थात कोन जितका स्वैर, तितके त्याला स्थिर धरणे कठीण; यंत्राची सगळी कसोटी तेथेच लागते.

अमेरिकेतील ल्यूसंट कंपनीने १९९९ च्या सुमारास २५६ धाग्यांसाठी असे आरशांचे यंत्र जाहीर केले होते. दुसऱ्या एका कंपनीने शाईच्या छपाईयंत्राची युक्ती उसनी घेऊन द्रवात बुडबुडा उठवून प्रकाश वळविण्याचे यंत्र केले. थोड्याच काळात दूरसंचार उद्योगावर मंदी आली आणि ही दोन्ही यंत्रे मागे पडली. विज्ञानाच्या इतिहासात उत्तम कल्पनेस गिऱ्हाईक न मिळाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. पुढे कल्पना टिकली ती अन्यत्र: २०२२ मध्ये गूगल कंपनीने प्रसिद्ध केलेल्या वर्णनानुसार तिच्या संगणक-आगारांत १३६ धाग्यांना १३६ धाग्यांशी जोडणारी आरशांची यंत्रे काम करतात.

दुसरा प्रकार अधिक ग्राम्य, पण दूरसंचार केंद्राच्या दृष्टीने कित्येकदा अधिक उपयोगी आहे. त्यात आरसे नाहीत. एक यांत्रिक हात दोऱ्यांच्या रांगेतून सरकत जातो, एक टोक उपटतो, पुसतो आणि दुसऱ्या छिद्रात बसवितो. तंत्रज्ञ जे करी तेच. शंका येईल, की हजार दोऱ्या अशा मागेपुढे केल्यावर त्यांचा गुंता होणार नाही काय? होईल; म्हणून यंत्राचा हात सरळ न जाता दोऱ्यांच्या मधून विशिष्ट क्रमाने विणत जातो. वेणीचे पेड कसे घातले असता सुटतात व कसे घातले असता अडकतात ह्याचा अभ्यास गणिताच्या एका शाखेत होतो, आणि त्याच विचाराने यंत्राचा क्रम ठरविला जातो. अशा बदलास एखादे मिनिट लागते. परंतु एकदा टोक बसले, की ते तेथेच राहते. केंद्राची वीज गेली, विजेऱ्या संपल्या, तरी जोडणी सुटत नाही. झुकत्या आरशाचे तसे नाही. विद्युद्दाब गेला, की बहुधा आरसा आपली जागा सोडतो. शिवाय आरशांची जोडी ओलांडताना दोन-तीन डेसिबल प्रकाश हरवतो, म्हणजे धाग्याच्या १०-१५ किलोमीटर प्रवासात हरवतो तितका. आरसा मात्र सेकंदाच्या काही शतांशांत वळतो. घाईच्या कामास आरसा व टिकाऊ कामास हात, अशी वाटणी त्यामुळे स्वाभाविकच पडते.

घाईचे काम कोणते? वाटेत कोठे तरी धागा तुटतो ते. रस्ता रुंद करणारे, नळ टाकणारे किंवा नाला खोदणारे यंत्र जमिनीखालील केबल पाहू शकत नाही. अशा बेताल खोदकामामुळे देशाचे वर्षाकाठी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते असा शासनाचा अंदाज आहे, आणि खोदण्यापूर्वी खालच्या वाहिन्यांच्या मालकांस कळविण्याची सोय मार्च २०२३ मध्ये सुरू करण्यात आली. रुपयांपेक्षाही मोठा हिशेब वेगळाच असतो. ज्या तासात केबल तुटलेली असते, त्या तासात तज्ज्ञाकडे निघालेले रुग्णाचे क्ष-किरण चित्र वाटेतच थांबते, शिधावाटपाच्या दुकानातील यंत्र अंगठा ओळखत नाही, व साहाय्यासाठी फिरविलेला क्रमांक लागत नाही.

म्हणून महत्त्वाच्या वाहिन्यांस दोन वाटा देतात. पहिल्या वाटेवरील प्रकाश नाहीसा झाला, हे यंत्राच्या ध्यानात आले की ते आपण होऊन दुसरी वाट धरते. वर्तुळाकार जाळ्यांसाठी ह्या बदलास ५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग, एवढीच मर्यादा घालून दिलेली आहे. पापणी लवण्यास ह्याच्या निदान दुप्पट वेळ लागतो. समता कॉलनीतील बोलणाऱ्यास एखादा अक्षर तुटल्यासारखा भास झाला तर झाला.

रायपूरचा नकाशा ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. नागपूरची जवळची वाट भिलाई, दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड व गोंदियावरून जाते. आगगाडीही तीच व मुंबई-कोलकाता राजमार्गही बराचसा तिच्याच सोबतीने. ती तुटल्यास विलासपूर, कटनी व जबलपूरवरून वळसा घालता येईल, परंतु तो अडीच पटीहून अधिक लांब पडेल. काचेत प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो, तेव्हा दीड मिलिसेकंदाच्या जागी चार लागतील. हा फरक कानास कळणार नाही. मात्र दर ८० किलोमीटरांच्या सुमारास लागणारे प्रकाशवर्धक तीन-चारऐवजी नऊ-दहा लागतील व त्या सर्वांस अधिकच्या रंगांचा भार अकस्मात पेलावा लागेल. वर्धकांची पातळी सावरण्यास कधी काही सेकंद, कधी मिनिटेही जातात. सांधा क्षणात बदलतो. पुढील रूळ तयार असेलच असे नाही.

आणि रूळ मुळातच नसेल तर? दोन केबल निराळ्या मालकांच्या, निराळ्या रंगांच्या व कागदावर निराळ्या वाटांच्या असूनही रायपूर व दुर्ग ह्यांच्यामधील खारुन नदी एकाच पुलावरून ओलांडत असतील, तर ती वाट एकच समजावी. पुलाच्या दुरुस्तीत दोन्ही एकदम तुटतील आणि जगातील सर्वोत्तम आरसा निकामी ठरेल. समुद्रात असे प्रत्यक्ष घडले आहे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ युरोपकडे जाणाऱ्या दोन मोठ्या केबल एकाच दिवशी तुटल्या. दोन्हीही मुंबईस जोडलेल्या होत्या. भारताचा पश्चिमेकडील इंटरनेट-व्यवहार त्यामुळे मोठ्या प्रमाणावर खुंटला व तो पूर्वेकडून, सिंगापूर व प्रशांत महासागराच्या वाटेने, वळवावा लागला. सांधे बदलण्याची यंत्रे तेव्हाही होती. बदलून जावयास जी वाट राहिली होती तीच कामी आली.

खेड्यांची स्थिती ह्याहून बिकट होती. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची राष्ट्रीय योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, ती पुढे ‘भारतनेट’ ह्या नावाने ओळखली जाते. तिच्यात आरंभी धागे झाडाच्या फांद्यांप्रमाणे पसरले: तालुक्याच्या ठिकाणाहून गावाकडे एकच फांदी. फांदी तुटली, की तिच्यावरील सर्व गावे एकदम मुकी होत. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने १ लक्ष ३९ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाची सुधारित योजना संमत केली, तीत २ लक्ष ६४ हजार ग्रामपंचायतींस वर्तुळाकार रचनेने जोडण्याचे ठरले. वर्तुळात प्रत्येक गावास डावी व उजवी अशा दोन वाटा मिळतात. दाट वस्तीच्या शहरात दुसरी वाट मिळणे सोपे. ती बस्तरच्या किंवा गडचिरोलीच्या अरण्यातून नेण्यास खर्च येतो, आणि तेथेच तिची गरज सर्वांत अधिक.

स्वयंचलित सांध्याचा आणखी एक उपयोग आहे; तो बाहेरच्यास दिसत नाही, पण केंद्रातील तंत्रज्ञ त्याला फार मानतात. धागा कोठे तुटला हे शोधण्यासाठी ‘ओ. टी. डी. आर.’ नावाचे उपकरण प्रकाशाचा एक ठोका धाग्यात सोडते व परत येणारा क्षीण प्रतिध्वनी मोजते. जाऊन येण्यास किलोमीटरमागे १० मायक्रोसेकंद लागतात; ४२० मायक्रोसेकंदांनी प्रतिध्वनी थांबला, तर तूट धाग्याच्या ४२ व्या किलोमीटरवर आहे. हे उपकरण महाग असते. परंतु ते प्रकाशाच्या सांध्यास जोडून ठेवले, तर एकच उपकरण राखीव ठेवलेले कित्येक धागे रात्रभर पाळीपाळीने तपासू शकते. धागा तुटण्यापूर्वी कित्येकदा तो दुखू लागतो: जोडात पाणी शिरते, खचलेल्या मातीने केबल वाकते, प्रकाश हळूहळू मंदावतो. हे दुखणे मे महिन्यातच कळले, तर आषाढातील चिखलात टॉर्च घेऊन चर खणण्याची वेळ टळते.

दुरुस्ती झाल्यावर वाहतूक मूळ वाटेवर लगेच परत आणावी, की दुसऱ्याच वाटेवर राहू द्यावी, ह्याविषयी जाळे चालविणाऱ्यांत दोन मते आहेत. लगेच आणली आणि नवा जोड कच्चा निघाला, तर एकाच संध्याकाळी दोनदा बोलणे तुटते. राहू दिली, तर दुसरी वाट भरलेली राहते व तिसऱ्या अपघातास जागा उरत नाही. पुष्कळ ठिकाणी यंत्रास आपण होऊन परतण्याची मुभा देत नाहीत. जोडाची मोजणी दोन वेळा होते, आकडे जुळतात, आणि मग मध्यरात्रीनंतर, शहरातील बोलणे सर्वांत कमी झाले असताना, केंद्रात बसलेला माणूस सांधा परत बदलण्याची आज्ञा देतो.